कप्तानाचे दोन पेले

नाझमी कप्तानांनी राकीची, म्हणजे बडीशेपेच्या दारूची, अर्धी संपलेली बाटली शेनायच्या पुढ्यात आपटली आणि ते म्हणाले, "ही भेसळीची आहे."

तिच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांतल्या एकाने हातातली बाटली गुपचूप फळीवर ठेवली आणि तो बाहेर पडला. दुसराही मागोमाग गेला. तुर्कस्तानातल्या आयवालिक बंदराच्या धक्क्यावर दारूचं दुकान बुडवायला एवढं एक वाक्य पुरतं. खोटी राकी पिऊन माणसं आंधळी होतात, मरतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तक्रार गेली की अधिकारी आधी कुलूप ठोकतात आणि मग सावकाश तपासतात.

कप्तानांच्या कपाळाला पट्टी होती आणि डावा हात गळ्यात बांधलेला. काल संध्याकाळी ते स्वतःच्याच जिन्यावरून गडगडले होते. तरी त्यांचं म्हणणं सरळ होतं. संध्याकाळी दोन पेले, कमी नाही की जास्त नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. त्यानंतर धक्क्याच्या अगदी कडेने ते ताठ चालत जायचे आणि अख्खा कहवाखाना बघत राहायचा. त्या चालण्यावर पैजा लागल्या होत्या. बायको गेल्यावर सुटलेला तो नेम त्यांनी परवाच पुन्हा धरला होता, मग आताच तोल का जावा? खोट मालातच असणार.

"तुझ्या बापाचं मीठ खाल्लंय, पोरी, म्हणून आधी तुझ्याकडे आलो," ते म्हणाले. "नाहीतर थेट कचेरीतच जाणार होतो."

शेनायने बाटली हातात घेऊन झाकण बघितलं, त्यावरची सरकारी करपट्टी बघितली. माल अस्सल होता. पेला कसा भरता, असं तिने विचारलं, तर म्हाताऱ्याला राग आला. दाढीमिशा पिकल्यावर आता ही मला शिकवणार? अर्धी राकी, अर्धं पाणी. मुअल्ला भरायची तस्संच!

तस्संच म्हणे! शेनायला हसावं की रडावं कळेना. मुअल्ला काकूंना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. बाटली न्यायला नेहमी त्याच यायच्या, आणि इतक्या दिवसांनी यायच्या की शेनायने एकदा त्यांना छेडलंच, की कप्तान पितात की नुसता वास घेतात? काकू खो खो हसल्या होत्या. तळाला बोटभर राकी आणि वर काठोकाठ पाणी, असा त्यांचा पेला. तेही साधं पाणी नव्हे, बडीशेप उकळून गार केलेलं. राकीत पाणी पडलं की दुधासारखं पांढरं होतं, मग आत किती आहे ते कुणाला दिसतंय? डॉक्टरांनी यकृताबद्दल बजावलं होतं, नवरा ऐकेना, तेव्हा बाईने स्वयंपाकघरात स्वतःचा कायदा लागू केला. आणि वर शपथ घातली, की त्याला सांगू नकोस, धक्क्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही माझ्या सिंहाला.

आता सांगावं तर सिंहाची शेळी होणार आणि काकू लबाड ठरणार. न सांगावं तर दुकानाला कुलूप, आणि हा म्हातारा एक दिवस मान मोडून घेणार. शेनायला त्या मानेचीच जास्त काळजी वाटली. तिचा बाप गेल्यापासून तिला रागावणारं दुसरं होतं कोण?

"बाटली चोख आहे, काका," ती म्हणाली. "तुमचं पाणी चुकतंय. चला घरी, दाखवते."

तिने दुकानाचं दार ओढून घेतलं. कप्तानांच्या घरी तिने बडीशेप शोधली, उकळली, भांडं बर्फात ठेवून पाणी गार केलं. मग पाठमोरी उभी राहून पेला भरला आणि चीज, खरबुजाच्या फोडी घेऊन बाहेर आली. कप्तानांनी घोट घेतला. तोंडात घोळवला. पेला खाली ठेवला.

"हीच," ते म्हणाले. "हीच ती." मग त्यांनी हळूच विचारलं, "राकी किती घातलीस?"

खोटं बोलायचं तिने ठरवलं होतं, पण जमलं नाही. तिने एक बोट आडवं धरून दाखवलं.

कप्तान त्या बोटाकडे बघत राहिले. शेनायला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा धक्क्यावर दिसणार नाही. पण त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. हसता हसता बाहीने डोळे पुसत होते.

"काय लबाड बाई होती गं," ते म्हणाले. "आणि मी पैजा जिंकत होतो!"

कहवाखान्यात काय सांगायचं, ते त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. बाटली चोख होती, जिन्याची पायरी मोडकी होती. शेनायने मान डोलावली.

पहिला पेला संपला. दुसरा भरायला ती उठली, तर कप्तानांनी तिला हाताने खाली बसवलं. उजव्या हाताने त्यांनीच बाटली उचलली आणि रिकाम्या पेल्यावर तिरकी केली. नजर मात्र पेल्याकडे नव्हती, शेनायकडे होती.

"पुरे म्हण," ते म्हणाले. "मला नाही येत ते म्हणता. ते खातं मुअल्लाकडे होतं."