आक्का बांधावर आली

हाडं ठिसूळ झाल्यापासून रंभाबाई दर सहा महिन्यांनी पौडच्या दवाखान्यात इंजेक्शन घेत होत्या. यंदा कुठंच दुखत नव्हतं, म्हणून तारीख उलटली तरी भातकापणीतच गुंतल्या. सून गौतमीनं विनवलं, त्या ऐकेनात. शेवटी तिनं त्यांच्या थोरल्या बहिणीला, चंद्रकलाबाईंना, फोन केला. दुसऱ्या दिवशी महाळुंग्याची रिक्षा बांधाजवळ थांबली. कमरेला पट्टा आवळलेल्या चंद्रकलाबाई काठी टेकत उतरल्या. "आक्के, एवढ्या खड्ड्यांतनं कशाला आलीस?" "मीबी इंजेक्शन मधीच सोडलं हुतं. वर्षात नुसती कळशी उचलली, तर तीन मणकं मोडलं. सोडल्यावर हाडं झपाट्यानं झिजत्यात, डाक्टर म्हनला. मला कुणी सांगितलं न्हाई. तुला सांगाया मी हाय. बस रिक्षात!" रंभाबाईंनी विळा ठेवला. इंजेक्शन घेऊन बाहेर आल्यावर त्यांनी वाकता न येणाऱ्या बहिणीच्या पायांत चपला सरकवल्या आणि तिथंच डोकं टेकवलं.