खाडी दिसली पाहिजे

शेवटची फांदी खाली आली तेव्हा वेल्डर वरच्या खिडकीत उभा राहून मिशीतल्या मिशीत हसत होता. शेजारच्या अंगणातल्या बदामाचं आता नुसतं खोड उरलं होतं. खोडाशेजारी शिवणवाली कमरेवर हात ठेवून उभी होती.

“झालं समाधान?” तिने खालून विचारलं.

“आधीच तोडलं असतं तर लवकर झालं असतं,” तो म्हणाला.

हे भांडण वर्षभराचं. वेल्डरची बायको जिन्यावरून पडली आणि तिचं कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासूनचं. त्याआधी समोरची खाडी म्हणजे या बाईचं दुसरं घर. सकाळी पोहून आल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. गल्लीतल्या निम्म्या बायकांना हनुवटीखाली हात धरून तिनेच पोहायला शिकवलं होतं, त्यात ही शिवणवालीही आली. सुट्टीच्या दिवशी काठावर सतरंज्या, डबे, हसणं-खिदळणं आणि पलीकडच्या काठापर्यंत शर्यत. वेल्डरला पाण्याची भीती, त्यामुळे तो काठावर बसून सगळ्यांच्या चपला राखायचा. बायको पहिली आली की शिट्टी मात्र त्याचीच.

आता ती खाटेवर पडून भिंत बघायची. विचारलं तर ‘बरी आहे’ म्हणायची, तेवढंच. वेल्डरचा जीव तुटायचा. पण तो पडला लोखंडातला माणूस. त्याला जे सुचलं ते लोखंडातलंच सुचलं. त्याने खाटेचे पाय कापले, नवे लांब पाय जोडले, आणि बायकोची नजर बरोबर खिडकीबाहेर जाईल इतकी खाट उंच केली. खाडी दिसली की ही पुन्हा बोलायला लागेल, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आणि खिडकीसमोर हे झाड. ताटाएवढी पानं. खाडीचा थेंब दिसेना.

आधी तो नीट विचारायला गेला. शिवणवाली म्हणाली, “नाही तोडणार.” का, तर “झाड माझं आहे.” दुसऱ्यांदा गेला तो ओरडतच गेला. तिने मशीन न थांबवता एकदाच मान वर केली.

“तुमच्या घरात विचारलंत का?”

“माझ्या घरातलं मला कळतं. तुम्ही तुमची शिलाई बघा.”

त्यानंतर ती जी गप्प झाली ती झालीच. दुपारी घटकाभर वेल्डरच्या बायकोपाशी येऊन बसायची, ते वेल्डरने बंद केलं. दारातूनच हाकललं. मग गल्लीभर सांगत सुटला, की बघा, जिने हिला तरंगायला शिकवलं तिच्याच डोळ्यांवर ही झाड धरून बसली आहे, असली माणसं खाल्ल्या घरचे वासे मोजतात. लोकांना तेवढं पुरलं. कुणी तिच्याकडे कपडे टाकेना. ज्यांचे शिवून तयार होते त्यांनीही तोंड फिरवलं.

तरी झाड उभंच. तेव्हा मात्र वेल्डरचं डोकं फिरलं. काल ती ते शिवून पडलेले कपडे घरपोच द्यायला गेली असताना त्याने तिचं फाटक खांबाला जोडून टाकलं. चांगला पक्का टाका मारला. शिवणवाली परत आली, फाटक हलवून पाहिलं, मग बोचकं भिंतीपलीकडे टाकलं आणि पन्नाशीची बाई सगळ्यांच्या देखत भिंतीवर चढली. पलीकडे गुडघ्यांवर पडली. आजूबाजूला लोक हसले, वेल्डर सगळ्यात मोठ्याने. उठून तिने गुडघे झटकले आणि म्हणाली, “उद्या तोडते. मात्र नंतर माझ्या दारात यायचं नाही.”

“कोण येतंय,” वेल्डर म्हणाला.

तर आता मैदान साफ होतं. त्याने बायकोच्या पाठीशी दोन उशा लावल्या, तिचे केस सारखे केले आणि खिडकी सताड उघडली.

“बघ.”

खाडी अगदी समोर होती. भरतीचं पाणी काठाला लागलं होतं. दोन होड्या, उतारावर सतरंज्या, कुणाचं तरी पोर रडत होतं. आणि मधोमध तिच्याच शिष्या पोहत होत्या. एक उताणी तरंगत होती, दोघींची पलीकडच्या काठाकडे शर्यत लागली होती. उताणीने खिडकी उघडलेली पाहिली आणि हात वर केला. मग सगळ्याच हात हलवायला लागल्या.

“अगं, हात तरी कर त्यांना.”

ती बघत राहिली. तिची हनुवटी थरथरायला लागली.

“वर्षभर हे सुख अडवून धरलं त्या बयेने,” तो म्हणाला. “तिचं कधी भलं व्हायचं नाही.”

“पडदा लावा.”

“ऊन लागतंय का?”

“मला नाही बघवत हो त्यांना पोहताना.” तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. “तुम्ही एवढ्या हौसेने खाट उंच केलीत, तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते? झाड तोडू नकोस आणि कुणाला बोलूही नकोस, अशी शपथ मीच तिला घातली होती.”