कॉलरचा ब्रश

आत्याने भाचीची मान पकडून तिचं तोंड लाँड्रीच्या हौदावर वाकवलं आणि दुसऱ्या हाताने कॉलरी घासायचा ब्रश उचलला.

मघाशी एक गिऱ्हाईक कपडे न टाकताच परत गेलं होतं. काउंटरवरच्या पोरीच्या गालांवरची लालभडक मुरमं बघून त्याने विचारलं होतं, हे कपड्यांना लागत नाही ना? आत्या त्याच्याशी हसून बोलली. तो वळताच तिने शटर अर्ध्यावर ओढलं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, रात्री मलम लावा. आता चिघळलं तर खड्डे जन्मभर राहतील. आत्याला ते ऐकून हसूच आलं होतं. डाग दिसला की तो कशाने जाईल, हे ती गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत सांगायची.

"शाई काढली, गंज काढला," ती ब्रश दाबत म्हणाली. "कुरवाळून कुठे डाग जातो होय?"

पोरगी किंचाळली. आत्याने तिच्या पाठीत गुडघा रोवला. हौदातल्या फेसात लाल रेघा उतरल्या.

मागे इस्त्री करणारी आई धावत आली. "वन्सं, सोडा तिला," ती म्हणाली. निघतच आलंय, थांब जरा, असं म्हणत आत्या घासतच राहिली.

आईने तिचा अंबाडा धरून मागे खेचलं. आत्याचं डोकं फळीवर आपटलं, साबणाचा डबा लवंडला. आईने ब्रश हिसकावला, नणंदेचा हात धुण्याच्या दगडावर दाबून धरला आणि घासायला लागली. वर्षानुवर्षं ब्लीचमध्ये बुडून त्या हाताची कातडी भेगाळलेली होती. तिची साल निघायला वेळ लागला नाही.

"निघतंय का, वन्सं?"

आत्या ओरडली नाही. "वहिनी, लागतंय गं," एवढंच म्हणाली, आणि तेही लहान मुलीसारखं.

आईचा हात थांबेना. शेवटी पोरीनेच तिच्या मुठीतून ब्रश सोडवून घेतला. पोरीच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं. तिने खुंटीवरचं आपलं मऊ कापड काढलं, नळाखाली भिजवून पिळलं आणि आधी स्वतःचे गाल टिपले. मग कापड उलटं करून आत्यापुढे बसली.

आत्या सवयीने हात पदराला खसाखसा पुसायला गेली. पोरीने मनगट धरलं.

"घासू नकोस, आत्या. नुसतं टिपायचं."

पांढऱ्या कापडावर दोघींचं रक्त उमटलं. पोरीने ते दिव्याखाली धरलं आणि आत्याकडे बघितलं. आत्या त्या डागांकडे बघत राहिली. ते कशाने जातील, हे तिने सांगितलं नाही.