नायट्रोजन बंद

ट्रेमध्ये सिलिकॉनच्या सहा चकत्या होत्या. पाचांवर टायटॅनियम नायट्राइडचा पातळ सोनेरी थर चढला होता, सहावी कोरी होती. कुठल्या थराला किती नायट्रोजन सोडला, याच आकड्यांवर रसिका आणि आशय यांचा पहिला शोधनिबंध उभा होता. तो उद्या पाठवायचा होता. रसिकाचा जीव मात्र त्या कोऱ्या चकतीत अडकला होता.

“नायट्रोजन पूर्ण बंद ठेवून एक थर चढवून बघू या,” ती म्हणाली.

आशय हसला. “म्हणजे मीठ न घालता भाजी करायची, आणि अळणी लागते का ते चाखायचं? हवे मूक ने,” तो गुजरातीत म्हणाला, “सोड ना आता.”

“आणि खारट लागली तर?”

आशयने स्वतः उठून यंत्राचा व्हॉल्व्ह बंद केला, पुन्हा एकदा पिळून पाहिला.

थर चढला. चकती तपासणीला गेली. रसिकाने घरी जायला दोनदा रिक्षा बोलावली आणि दोन्ही वेळा परत पाठवली.

संध्याकाळी निकाल पडद्यावर आला. नायट्रोजन : एकतीस टक्के.