दुसरीकडून आलेली लाइन

"हीटरचा मेन पाडला. कुलूप लावलं. चावी माझ्या खिशात," धाकटा वॉकी-टॉकीवर म्हणाला.

"शर्टाच्या की पँटच्या?" थोरल्याने गच्चीवरून विचारलं.

"पँटच्या. का?"

"शर्टाच्या खिशातलं तू वाकलास की सगळं खाली येतं, ढापण्या. चष्म्यासकट."

"हसलो. पुढे बोल."

थोरला पोहण्याच्या तलावाच्या इमारतीवर, पत्र्याच्या मोठ्या डक्टशेजारी गुडघे टेकून बसला होता. दोघा भावांनी त्या डक्टमध्ये नवा हीटर बसवला होता. पंखा हवा ढकलणार, हीटर ती तापवणार आणि खाली कपडे बदलायच्या खोल्या उबदार होणार. पण सकाळच्या चाचणीत हीटर मधूनच बंद पडत होता. म्हणजे कुठेतरी वायरचं टोक सैल राहिलं होतं. ते शोधायचं, आवळायचं आणि निघायचं.

निघायची घाई होती. आईला आज दवाखान्यातून सोडणार होते. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. आदल्या दिवशी तिने पलंगावरूनच दोघांना दटावलं होतं, "न्यायला याल तेव्हा हात धुऊन या. ग्रीसचे पंजे मला लावाल तर चालत घरी जाईन."

ताई तिच्याजवळ होती. कागदपत्रं झाली की ती धाकट्याला फोन करणार होती. थोरल्याचा फोन खाली कोटात होता. उघड्या टर्मिनलजवळ फोन ठेवायचा नाही, हा त्याचा नियम. फोन वाजला की डोकं वळतं, आणि हात तिथेच राहतो.

त्याने हीटरच्या डब्याचं झाकण काढलं. टेस्टर आधी हातदिव्याच्या प्लगला लावून पाहिला; त्याचा दिवा लागला. मग तीन जाड वायरींवर धरला, नाही लागला. पुन्हा प्लगवर, लागला. म्हणजे टेस्टर ठीक होता आणि जाड वायरींत खरंच काही नव्हतं.

मग त्याने टेस्टर शेजारच्या बारीक वायरींवर धरला.

लागला.

"अरे, इथे लाइन आहे!"

"मी मेन पाडलाय, दादा. आईशप्पथ."

थोरल्याने क्षणभर विचार केला. "बरोबर. ही पंख्याच्या पॅनेलमधून येते."

पंखा थांबलेला असताना हीटर पेटला तर आतली हवा जागच्या जागी तापते आणि पत्रा लाल होतो. म्हणून हीटरला चालू हो किंवा थांब म्हणणारी ही लहान लाइन पंख्याच्या पॅनेलमधून घेतलेली असते. हीटरचा मेन पाडून ती जात नाही.

"पंपघरात जा," तो म्हणाला. "पंख्याच्या पॅनेलचा स्विच पाड, त्यालाही कुलूप लाव. गेली की सांग."

"आणि ताईचा फोन आला तर?"

"तर तेही सांग. एवढं तरी जमेल ना?"

"जमेल, साहेब."

थोरला थांबला. पंखा चाचणीनंतर बंदच ठेवला होता, त्यामुळे आवाजावरून काही कळायला मार्ग नव्हता. वाट बघताना त्याला सैल टोक दिसलं. नेमकं बारीक वायरीचंच. वळवळणारा एवढासा स्क्रू. जाड हातमोज्याने तो धरता येईना, म्हणून त्याने उजव्या हातातला मोजा काढून ठेवला.

बराच वेळ काही आलं नाही.

"ढापण्या, गेली का?"

नुसती खरखर.

"अरे बाबा, झोप लागली का तिथे? गेली का?"

"गेली, दादा."

आवाज बारीक आला. पंपघराच्या भिंती जाड होत्या.

"कधी?"

"आत्ताच."

"मग सांगायचं नाही का? मी इथे ताटकळत बसलोय."

"कसं सांगू, तेच कळत नव्हतं."

"त्यात काय कळायचंय? बटण दाबायचं आणि बोलायचं." थोरल्याने हसतच स्क्रूड्रायव्हर उचलला. मोकळ्या हाताची दोन बोटं त्या स्क्रूपाशी नेली. मग सवयीने थांबला. "स्वतः बघितलंस ना?"

"नाही रे. मी कुठे होतो तिथे, मला तर..."

थोरल्याने मध्येच बटण दाबलं आणि धाकट्याचं पुढचं बोलणं तुटलं.

"बघितलं नाहीस आणि गेली म्हणून सांगतोस?"

त्याने हात मागे घेतला. टेस्टर प्लगवर तपासला आणि बारीक वायरींवर धरला.

टेस्टरचा दिवा लख्ख लागला.

थोरला बघतच राहिला. मघाशी बोटं आणि तो स्क्रू यांच्यात नखाएवढं अंतर उरलं होतं. स्क्रूड्रायव्हर हातातून निसटून पत्र्यावर खणखणला. बटण दाबायला त्याला दोनदा चाचपडावं लागलं, आणि मग तो जिवाच्या आकांताने ओरडला.

"गेली कुठे रे? आहे! आत्ता खात्री केली मी, आहे! कोणी सांगितलं तुला गेली म्हणून?"

खरखर थांबली. पंपघरात काहीतरी आपटल्याचा आवाज झाला.

"ताईने," धाकटा म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम मोठा झाला. "म्हणजे आई आहे, दादा?"