सोमवार-बुधवारच्या मधातला

"इथून सरकारले विचारता येते म्हणे," रुखमाबाई म्हणाली. "नार्वेच्या सरकारले."

निशातला हसू आलं. कुरखेड्यात इंटरनेटचं दुकान टाकून वर्ष झालं होतं, पण गिऱ्हाईक दहावीच्या निकालापलीकडे जात नव्हतं. आणि ही बाई थेट नॉर्वेच्या सरकारचं दार वाजवायला निघालेली.

"कोणाले शोधाचं हाय, बाई?"

"तिकडं नेलं त्याले. लय सालं झाले. जिता हाय का नाई, तेवढंच पाह्य, पोरी."

"नाव?"

रुखमाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "सोमवार-बुधवारच्या मधातलं."

"मंगरू?"

तिनं नुसती मान हलवली. निशातचा जीव कळवळला. तिची अम्मीही जन्मभर अब्बांचं नाव न घेता 'सैफके अब्बा' म्हणत आली होती. कोण्या मेल्या ठेकेदारानं नेला असेल बिचारीचा नवरा, आणि ही अजून कपाळभर कुंकू लावून वाट पाहतेय. बाहेर सायकल धरून एक म्हातारा उभा होता. आत यायला काही धजत नव्हता. दीर असावा.

त्या सरकारनं कर भरणाऱ्या लोकांची नावं, वय, गाव सगळ्या जगापुढं मांडून ठेवलंय, असं निशातनं ऐकलं होतं. पान सावकाश उघडत गेलं. ना शिपाई, ना साहेब, ना 'उद्या या'. सात समुद्रापलीकडचं सरकार कुरखेड्यातल्या बाईला विचारत होतं, कोण पाहिजे? निशातच्या अंगावर काटा आला. "या अल्ला, काय हे नवल!" ती मोठ्यानं बोलून गेली.

"हळू बोल," रुखमाबाई कुजबुजली. "आयकत असन सरकार."

अख्ख्या देशात मंगरू एकच निघाला. आडनाव तर निशातला वाचताही येईना.

"जिता हाय, बाई," ती म्हणाली, आणि पुढचा आकडा पाहून तिचा चेहराच पडला. "नाई बाई, हा तो नाई. हा तेवीस वर्षांचा पोरगा हाय. तुमचे मालक..."

"मालक तं बाहेर उभे हायत, सायकल धरून." रुखमाबाईनं बोट त्या नावावर ठेवलं. "तेवीसच. दत्तक दिला तवा तान्हा होता. सासऱ्याचं नाव ठेवलं होतं त्याले, पोरी. मले एकदाबी हाक मारता आली नाई."