खांदा ठणठणीत आहे

डॉक्टरांनी खांद्याला नुसता हात लावला आणि बाबा कळवळले. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती, त्यामुळे शब्द आला नाही, नुसता आवाज आला. थोरल्या मुलाने मान वळवली.

"खांदा निखळलाय," डॉक्टर म्हणाले. "आणि हा आजचा नाही. मला कुणी कळवलं का नाही?"

"दुखतंय असं ते कधी बोललेच नाहीत." आपण काय बोललो ते थोरल्याच्या लक्षात आलं. त्याने घाईने फोन काढून मेल पुढे धरली. रोज दुपारी येणारी. 'आज हाणलं पोटभर. खांदा ठणठणीत आहे. उगाच काळजी करत बसू नका.'

बाबांना दिवसभर सांभाळणारी बाई खुर्चीमागे उभी होती. ती चाचरत म्हणाली, "पण रोज तर टॅबवर लाल खांद्याच्या चित्राखालीच खूण करतात ते. माझ्यासमोर."

डॉक्टरांनी थोरल्याकडे पाहिलं.

"फॉर्ममध्ये काहीतरी बिघाड असेल," तो पुटपुटला. त्याचे कान तापले होते.

फॉर्म धाकट्या बहिणीने केला होता. ती लांबच्या शहरात राहायची आणि कंपन्यांना असलेच फॉर्म करून द्यायची. झटक्यानंतर बाबांना वाचताही येईना, पण चित्रं समजायची आणि डावा हात चालायचा. तिने टॅबवर मोठी चित्रं मांडली, प्रत्येकाखाली एक चौकोन. चौकोनात खूण केली की त्या चित्राचं वाक्य मेलमध्ये आपोआप उतरायचं. हिरवं बटण दाबलं की मेल दोघा भावंडांना जायची. वाक्यं तिने अगदी बाबांच्या तोंडची घातली होती. पहिली मेल आली तेव्हा थोरला कारखान्यात यंत्रापाशी उभ्याउभ्या हसला होता. बाबाच बोलत होते जणू.

सुरुवातीला 'खांदा जीव खातोय रे' असं यायचं. मग ते थांबलं आणि ठणठणीत यायला लागलं. औषधाचा गुण आला, असं तो धरून चालला.

परतताना गाडीत त्याला आठवलं. त्याच सुमारास त्याने नसता उद्योग केला होता. 'खिडकी उघडा' असं एक चित्र हवं होतं. धाकटीला सारखं कशाला सांगायचं, म्हणून तिच्याकडून पासवर्ड घेऊन त्याने ते स्वतःच घातलं होतं. घालताना एक वाक्य भलत्याच जागी जाऊन पडलं. ते उचलून त्याने परत ठेवलं होतं. कुठे ठेवलं, देव जाणे. वर शेजाऱ्यांना सांगत फिरला होता, "मलाही जमतं हं आता."

आणि दुसरं आठवलं ते त्याहून वाईट होतं. परवा सदरा बदलताना बाबांनी त्याचा हात झिडकारला होता. कामावर जायची घाई होती. तो वैतागला होता. "नाटकं पुरे झाली, बाबा. खांदा ठणठणीत आहे असं तुम्हीच कळवलंय ना?" असं म्हणून त्याने बाही ओढून वर चढवली होती. बाबा भिंतीकडे बघत राहिले होते.

घरी आल्यावर त्याने बाबांना उशीला टेकवून बसवलं. खांद्याला पट्टा होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, हात पूर्वीसारखा होईल याची खात्री नाही. बाबांनी डाव्या हाताने टॅब जवळ ओढला. लाल खांदा शोधला, त्याच्याखाली खूण केली आणि हिरवं बटण दाबलं. मग ते मुलाच्या तोंडाकडे बघायला लागले.

थोरल्याच्या खिशात फोन वाजला. 'खांदा ठणठणीत आहे. उगाच काळजी करत बसू नका.'

"हो बाबा," तो म्हणाला. "कळलं मला."

बाबांनी समाधानाने डोळे मिटले. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

गॅलरीत जाऊन त्याने धाकटीला फोन लावला. ती नेहमीसारखी "बोल दादा" म्हणाली.

"छोटे, माझ्याकडून मोठा घोळ झालाय." त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर, खांदा, खिडकीचं चित्र, भलत्या जागी पडलेलं वाक्य. बाहीचंही सांगितलं. ते सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तरी सांगितलं. "मला त्यातलं काही कळत नव्हतं, तर हात लावायला नको होता. माझ्यामुळे म्हाताऱ्याने इतके दिवस सोसलं."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शिव्या दे," तो म्हणाला. "पण गप्प बसू नकोस."

"खिडकीचं वाक्य नीट येतं का?" तिने विचारलं.

"येतं."

"उचलून ठेवलेलं वाक्य कुठलं होतं?"

"जेवणाचं, बहुतेक. का?"

"तेही नीट येतंय. तू काही बिघडवलेलं नाहीस, दादा."

"मग खांद्याचं कसं बदललं?"

"मी बदललं."

तो कठडा धरून उभा राहिला.

"रोज दुपारी यायचं ते," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ऑफिसात समोर माणसं बसलेली असायची, आणि फोनवर बाबा म्हणायचे, जीव खातोय रे. इतक्या लांबून मी काय करणार होते? मला ते वाचवेना. आणि मला वाटलं, तू तर घरातच आहेस. तुला दिसतच असेल."